मरळीबरोबर शिराज

२ फेब्रुवारी, सोमवार

भाजीची खोली गेली. सकाळी कामावर पोचले तर बटाटे, कांदे, भोपळे सगळे मागच्या व्हरांड्यात, आणि खोलीत दोघे जण एसी बसवताहेत. मालकांना विचारलं, हे काय? म्हणे वाईन येते आहे, तिला गारवा लागतो. सात वर्षं या रिसॉर्टचं स्वयंपाकघर सांभाळते आहे. भट्टीपाशी एक पंखा लावा म्हणून सांगून सांगून थकले. बाटल्यांना मात्र एसी.

दु. खोकी आली. सगळ्या बाटल्या लाकडी घडवंचीवर आडव्या मांडल्या. उभ्या ठेवल्या तर बूच वाळतं म्हणे. मंदा माझ्या हाताखाली आहे. हात जलद, जीभ त्याहून जलद. ती म्हणाली, "ताई, आपन आडव्या बाटलीवर शिक्का मारून गावातलं दुकान बंद केलं, अन् हे पाहा, इथं आडवीच येऊन झोपली." हसले, पण आतून चीड आली. दारूबंदीच्या त्या मतदानाच्या वेळी मीच बायांना घेऊन घरोघर फिरले होते. पुरुषांमधून दादा एकटा आमच्या बाजूने उभा राहिला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ सुखदेव, तलावाच्या मच्छी सोसायटीचा अध्यक्ष. तेव्हा त्याने चावडीसमोर दारू सोडल्याची शपथ घेतली ती आजपर्यंत पाळली. आणि मी बाटल्यांवरची धूळ पुसते आहे. रिसॉर्ट शिवेच्या पलीकडे, म्हणून कायद्याने सगळं ठीक. मनाने नाही.

३ फेब्रु., मंगळवार

पुण्याहून एक माणूस आला आहे, आम्हाला वाईन शिकवायला. नाव आहे, पण लिहायचा कंटाळा. ग्लासात नाक बुडवून डोळे मिटून उभा राहतो, म्हणून इथे तो नाकवाले.

शनिवारी वीस पाहुणे येणार. मालकांच्या नागपूरच्या क्लबातले. सकाळी जंगल सफारी, दुपारी "वाईनचं जेवण". एकच लाल वाईन, शिराज. नाशिककडची. मालक तिकडे फिरायला गेले होते, तिथून प्रेमात पडून आले.

नाकवाल्यांनी मला घोटभर दिली. स्वयंपाक तुमचा, चव तुम्हाला कळलीच पाहिजे म्हणे. मी नाही म्हटलं. मालक म्हणाले, "कुंदाताई, हे काही दारू नोय, हे फूड आहे." घेतली जिभेवर. आधी आंबट, मग तुरट, मग सगळं तोंड आवळून आलं. लहानपणी रानातलं कच्चं टेंभराचं फळ चावलं होतं तेव्हा असंच झालं होतं. सिंकमध्ये थुंकले. नाकवाले म्हणाले, "अगदी बरोबर! जाणकार थुंकतातच." म्हटलं, थुंकायचीच आहे तर एवढ्या दुरून आणता कायले? ते हसले. मला हसू आलं नाही. तीनदा चूळ भरली तरी जीभ खरखरीतच.

४ फेब्रु., बुधवार

आज परातीतल्या कणकेवर बोटाने द्राक्ष काढून नाकवाल्यांनी धडा दिला. लिहून ठेवते, कुणी विचारलं तर सांगता यावं.

शिराजचं द्राक्ष काळं, बारीक, जाड सालीचं. खायच्या द्राक्षात गर असतो, यात साल आणि बीच जास्त. रस मुळात पांढुरका. साली त्यात भिजत ठेवतात तेव्हा तो लाल होतो. तोंड आवळतं तेही सालीबियांमुळेच. पाऊस संपला की वेल छाटतात आणि फळ आत्ता, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडतात. तिकडे पठार उंच, दिवसा ऊन आणि रात्री थंडी, त्यामुळे द्राक्षात गोडी आणि आंबटपणा दोन्ही टिकतात. मग पिंपात ठेवतात. वासात काळी मिरी, जांभूळ, थोडा धूर. मिरीचा वास मला खरंच आला. बाकीचं ते म्हणाले म्हणून लिहिलं.

शेतीचं ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. छाटणी कळते, भिजवणं कळतं. किळस आली ती पुढच्या बोलण्याची.

विचारलं, बरोबर काय खायचं? ते म्हणाले मटण, कबाब, भाजलेलं वांगं, तिखटजाळ मसाल्याचं काहीही. म्हटलं, ठीक, मटण करते. मालक मध्ये पडले, "नाही नाही. मटण तर हर जागी भेटते. आपली ओळख तलावाची मासोळी. मरळ अंबाडीत. कार्ड छापून आलं पण." दाखवलं. जाड कागद, त्यावर सोनेरी अक्षरात "मरळीबरोबर शिराज". खाली दोन ओळी, जणू आमच्या आज्या तलावाकाठी बसून लाल वाईनबरोबर मरळ खात होत्या.

नाकवाल्यांनी कार्ड हातात धरून बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. मग म्हणाले, "हं, बघू या. वेगळं आहे." बाकी काही नाही.

७ फेब्रु., शनिवार

लिहिते आहे. रागाने.

सकाळी नऊला दादाने मरळ पाठवल्या. ओल्या पोत्यात, जिवंत. मरळ अशी तासन्‌तास जगते. मी स्वतः राख लावून बुळबुळ काढली, एकीने तर मनगटावर शेपटीचा फटका दिला. अंबाडी, लसूण, जवसाचं कूट, लोखंडी कढई. मंदाने चव पाहून डोळे मिटले. मीही पाहिली. माझ्या हातची यंदाची सगळ्यात चांगली मरळ होती ती.

दीडला वाढायला गेले. पहिल्या टेबलावर कुरळ्या केसांच्या एक बाई. घास, घोट, आणि तोंड असं झालं की मीच घाबरले. त्यांनी रुमालात घास काढला. नवऱ्याला म्हणाल्या, "मासा उतरलाय." मग शेजारचा. मग पलीकडचं टेबल. "लोखंडासारखं लागतं." "वास मारतोय." पाच मिनिटांत ताटं परत. वाईन मात्र पुन्हा पुन्हा भरली. तोंड धुवायला.

मालक स्वयंपाकघरात. दारात दोन पाहुणे उभे, तरी आवाज चढवूनच.

"कुंदाताई, मासोळी शिळी आली. सुखदेवनं फसवलं."

म्हटलं, "जिवंत होती, मालक. या हातानं मारली मी."

"मग हे वीस लोक येडे आहेत का?"

परत आलेल्या ताटातला तुकडा त्यांच्यासमोर उचलून खाल्ला. चांगला होता. उत्तम होता. ते मान फिरवून निघून गेले. नाकवाले कोपऱ्यात ग्लास पुसत होते, एकच ग्लास, पुसतच होते.

कुणाच्या उष्ट्या ताटातलं खाल्लं मी आज. आयुष्यात पहिल्यांदा.

८ फेब्रु., रविवार

मालकांनी सोसायटीची मासोळी बंद केली. फोन माझ्यासमोर लावला, मुद्दाम. दादाला म्हणाले, "शिळा माल देऊन माझी इज्जत घालवली तू. उद्यापासून नागपूरहून बर्फातली मागवतो." दादा काय बोलला ते ऐकू आलं नाही. फार काही बोलला नसावा, फोन लगेच संपला.

बर्फातली! आजूबाजूला तलावच तलाव, आणि पाकिटातली मासोळी.

सं. दादाकडे गेले. अंगणात जाळं सावडत बसला होता. वहिनीने चहा दिला. मग दादा वर न बघता म्हणाला, "कुंदे, तू तं नाही न काही केलं? फ्रीजमंदी तं नाही ठेवली? कालची तं नाही मिसळली?"

चहा तसाच ठेवून उठले. परक्याने म्हटलं असतं तर तोंडावर फेकला असता.

आमच्या घरात बाबांपासून एक रीत आहे. मासोळीवर कुणी बोट ठेवलं की विकणाऱ्याने पहिला घास गिऱ्हाइकासमोर खायचा. बाबांनी एकदा भर बाजारात चूल मांडून खाल्ला होता. दादाने शिळी मासोळी आजवर विकलीच नाही, त्यामुळे त्याच्यावर ती वेळ कधी आली नाही. आता आली, तर गिऱ्हाईक म्हणजे सफारीचे कपडे घातलेली माणसं. जेवून निघूनही गेली.

१० फेब्रु., मंगळवार

बाजारात बोभाटा झाला. मंदाची जाऊ नाकाडोंगरीच्या बाजारात गेली होती. दादाच्या टोपलीपाशी येऊन एकीने विचारलं, "सुखदेवभाऊ, रिसॉर्टवाल्याइनं तुमची मासोळी फेकून देल्ली म्हनते?" दादाने कापलेली मासोळी झाकली आणि उठला. अर्धी टोपली घरी परत.

पण शिळी नव्हतीच. मग काय होतं? दु. पाहुणे नसताना मंदाला घेऊन बसले. तिच्या नवऱ्याने बावनथडी नदीच्या पाण्यातली दोन मरळ आणली होती. दादाकडे मागायला तोंड नव्हतं.

आधी राखेवर संशय. एक मरळ राखेने धुतली, एक नुसत्या मिठाने. दोन्ही चांगल्या.

मग कढईवर. अंबाडी आंबट, लोखंडात काळवंडते हे तर शेंबड्या पोरीलाही ठाऊक. लोखंडाचा वास येतो म्हणाले होते, म्हणजे हेच. मला वाटलं सापडलं. कल्हईच्या पितळी पातेल्यात केली. खाल्ली. मग लोखंडी कढईतली. रंगात फरक, चवीत वास कशालाच नाही. मंदाने दोन्ही पुसून खाल्ल्या.

तेल तेच, मीठ तेच, भात तोच. त्यांनी खाल्लं ते सगळं मी खाल्लं.

मंदा भांडी घासता घासता म्हणाली, "सगळं खाल्लं ताई. पेलं कुठं तुमी?"

११ फेब्रु., बुधवार

केलं.

एसीची खोली उघडली, शनिवारची अर्धी राहिलेली बाटली घेतली. दार लावलं. लाज वाटत होती, घाण वाटत होती, दोन्ही. कालची मरळ गरम केली. एक घास नीट चावून गिळला. मग घोट.

देवा.

गंजलेल्या हातपंपाच्या पाण्यात मासोळीची आतडी धुतली आणि ते पाणी तोंडात आलं. याहून सभ्य लिहिता येत नाही. आधी लोखंड, मग मागून कुजका वास, नाकातून वर चढत जाणारा. त्या बाईंनी रुमाल काढला तो उगाच नव्हे. मी मोरीपर्यंत पोचलेसुद्धा नाही. मंदाला म्हटलं तू बघ. तिने घेतलं आणि, "अवं माय वं! थू थू थू!" अर्धं माझ्या पदरावर.

पुन्हा केलं. नुसती मरळ, चांगली. नुसती वाईन, तुरट, पण कुजकी नाही. दोन्ही मिळून, घाण. तीन वेळा. तिसऱ्या वेळी रडू आलं, किळसेने आणि आनंदाने. दादाची मासोळी ताजीच होती!

आता एक कबूल करते, इथेच करते. स्टाफसाठी मटणाचा रस्सा केला होता, आणि एक वांगं निखाऱ्यावर भाजलं. मटणाचा तुकडा, मग घोट. तुरटपणा गेला. मिरी वर आली, चरबी मऊ झाली. वांग्याच्या धुराबरोबर तर दोन्ही एकाच शेतात पिकल्यासारखी लागली. आवडली मला. आडव्या बाटलीसाठी घरोघर फिरलेल्या मला. त्या आवडण्याचीच सगळ्यात जास्त शिसारी आली.

घरी हे खाणीतून पहिली पाळी करून आलेले. जवळ येऊन म्हणाले, "तोंडाले कायचा वास येऊन राहिला?" सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दात घास अन् सुखदेवले सांग." दात घासले. दादाला उद्या सांगेन, आधी नाकवाल्यांना विचारते.

१२ फेब्रु., गुरुवार

नाकवाल्यांना पुण्याला फोन. म्हटलं, साहेब, मासोळी आणि लाल वाईन एकत्र कुजतं. मी स्वतः करून पाहिलं.

ते हसले. हसले! "हो ताई, लाल वाईनमध्ये लोह असतं थोडं, त्याची माशाच्या तेलाशी गाठ पडली की असा वास येतो. म्हणून माशाबरोबर आम्ही पांढरी देतो. ही तर अगदी सुरुवातीची गोष्ट आहे."

"मग तुम्हाले माहीत होतं?"

"साधारण."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कार्ड छापून झालं होतं ना. मालकांचा उत्साह... आणि प्रत्येक वेळी होतंच असं नाही."

म्हटलं, माझ्या भावाला पाहुण्यांसमोर चोर ठरवलं, तुम्ही कोपऱ्यात ग्लास पुसत होता. ते म्हणाले, "मला कल्पना नव्हती एवढं होईल." नंतर "सॉरी" म्हणाले आणि पुढच्या महिन्यात पांढरी वाईन पाठवू का, ते विचारलं.

फोन ठेवला. जांभूळ कळतं, धूर कळतो, मिरी कळते त्या नाकाला. बाकी काही कळत नाही.

१४ फेब्रु., शनिवार

दादाला परवाच सांगितलं. आधी विश्वास बसेना, मग डोक्याला हात लावून बसला. "म्हंजे मासोळी चांगलीच होती." हाव, म्हटलं. "मंग मी तुले बोललो ते..." म्हटलं जाऊ दे. जाऊ दिलेलं नाही खरं, पण त्याचं तोंड पाहून तसं म्हटलं.

आज मालकांना सांगितलं. करूनही दाखवलं, घास, घोट. त्यांचंही तोंड वाकडं झालं. मला वाटलं आता तरी. ते म्हणाले, "हे कोणाले बोलू नका. माझंच डोकं होतं ते कॉम्बिनेशन. होळीनंतर गुपचूप सुखदेवची मासोळी चालू करून टाकू."

म्हणजे माझ्या भावाचं नाव गुपचूप साफ करायचं, आणि डाग लागला होता तो चारचौघांत.

दादाला निरोप सांगितला. म्हणाला, "लोकाइच्या पुढं म्हटलं न त्यानं? मंग लोकाइच्याच पुढं म्हनाव. मी पहिला घास खाईन, बाबावानी. नाहीतं त्यानं बर्फातली खावी." एवढं सरळ दादा कधीच बोलत नाही.

१७ फेब्रु., मंगळवार

दादाची अट मालकांना कळवली होती, आज ते तयार झाले. माझ्यामुळे नाही. कुरळ्या केसांच्या बाईंचा फोन आला होता. क्लबवाले शनिवारी पुन्हा येताहेत, आणि मासा नको म्हणून सांगत होत्या. मासाच नको म्हणजे मालकांची ती "ओळख"च गेली. मालक म्हणाले, "ठीक आहे ताई, बोलवा सुखदेवले. तुमचं ते घास-बिस करून टाकू. मजा येईल."

मजा. हा शब्द दिवसभर दातात अडकला आहे. दादाला मी तो सांगितला नाही.

२२ फेब्रु., रविवार

काल झालं. क्रमाने लिहिते.

दादा अकराला आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पॅन्ट, खांद्यावर ओलं पोतं. मरळ पाहुण्यांसमोर परातीत सोडल्या. उड्या मारल्या त्यांनी, बायका ओरडल्या, फोन निघाले. मी व्हरांड्यातच चूल मांडली. सगळ्यांसमोर साफ केल्या, सगळ्यांसमोर शिजवल्या. दादाला खुर्ची दिली, त्याने घेतली नाही, बाबांसारखा खाली मांडी घालून बसला. पहिला घास त्याने खाल्ला. हळू खाल्ला, काटे बोटाने काढत, पूर्ण तुकडा. मग हात जोडले.

मग कुरळ्या केसांच्या बाई उठल्या, त्यांनी ताट घेतलं. नुसती मासोळी. म्हणाल्या, "छान आहे. फार छान आहे."

इथेच संपायला हवं होतं. सोनेरी चष्म्याचा एक जण म्हणाला, "पण त्या दिवशी आपण वाईनबरोबर खाल्ला होता. वाईनबरोबर खाऊन दाखव ना, मग खरं." मालकांनी स्वतः ग्लास भरला आणि वाकून दादाच्या तोंडापुढे धरला.

दादा म्हणाला, "मी घेत नाही."

"अरे एक घोट. औषध समज," चष्मेवाला. हसणं.

"सुखदेव, एका घोटानं काय होते बाप्पा?" मालक.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. पोत्याकडे पाहत राहिला. कान लाल झाले होते. घेतलं नसतं तर म्हणाले असते, पाहा, घाबरला. घेतलं असतं तर चावडीसमोरची शपथ गेली असती, आणि त्या शपथेवर उभी राहिलेली किती घरं मला तोंडपाठ आहेत.

मी ग्लास मालकांच्या हातातून घेतला. दादाच्या ताटातलाच घास घेतला. चावला, गिळला, आणि घोट घेतला. भावासमोर. आमच्या घरातली बाई कुणासमोर प्यायली नाही आजवर. तोंडाचं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण थुंकले नाही, गिळलं. म्हटलं, "आता तुम्ही करा. आधी मासोळी. मग घोट."

केलं सगळ्यांनी. एकेकाचं थोबाड पाहण्यासारखं झालं. मग मी मटण आणि भाजलेलं वांगं वाढलं, म्हटलं आता याच्यासोबत प्या. प्यायले. माना हलल्या. शिराज कुठली, द्राक्ष कसलं, साल जाड का, सगळं मीच सांगितलं, पाठ होतं. त्या बाई दादापाशी गेल्या, म्हणाल्या, "चूक आमची होती. तुमचा मासा ताजाच होता." सगळ्यांसमोर म्हणाल्या. देव त्यांचं भलं करो.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते तेव्हा कळलं नाही.

दादा पोतं उचलून गेला. माझ्याशी बोलला नाही.

२४ फेब्रु., मंगळवार

कशाला वाजवल्या ते आज कळलं.

मालक खुशीत आले, हातात नवीन कार्डाचा नमुना. वर माझा फोटो. त्या घोटाच्या क्षणाचा. डोळे मिटलेले, ओठ वाकडे, कपाळावर सगळ्या आठ्या. "तुमचं एक्सप्रेशन एकदम भारी आलं ताई." खाली छापलं आहे: दर शनिवारी, आधी चूक चाखा, मग बरोबर. तलावकाठचा सुखदेव पहिला घास खाणार. त्याची बहीण कुंदा घोट घेऊन दाखवणार. नंतर मटण, वांगं, शिराज.

म्हटलं, तो पहिला घास म्हणजे काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला? म्हणाले, "तेच तर! रीत आहे न तुमची. लोकांना अशा गोष्टी पाहिजे." आणि दादाने पॅन्ट घालू नये म्हणे, धोतर ते देतील. म्हटलं, तो कधीच धोतर नेसत नाही. म्हणाले, "शनिवारी फक्त."

मला मळमळलं. वाईनने झालं नव्हतं इतकं. दादावर संशय घेतला तेव्हा निदान तो त्यांच्या लेखी माणूस तरी होता.

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागच्या दारात दादा. स्वतः आला होता मासोळी घेऊन, सहा मरळ. चेहरा किती दिवसांनी मोकळा. मालक पुढे निघून गेले. दादा म्हणाला, बाजारात बाया आधी त्याच्याच टोपलीपाशी आल्या. मग थोडा वेळ चुलीकडे पाहत राहिला.

"बाबा असते तं तुले त्या दिशी मारलं असतं."

"हाव."

"मंग मले बी मारलं असतं. बहिनीले प्या लागलं म्हनून." डोळे पुसले त्याने, खांद्यावरच्या गमछाने. मग हसला. "मालकाचा फोन आलता. शनिवारी ये म्हने, खास जेवन हाय, तुले सगळ्याइच्या पुढं बसवतो. सत्कार-बित्कार कायले करते बाप्पा, म्या म्हटलं. पन ये म्हने तं येतो. शर्ट धुवाले टाकला वहिनीनं तुह्या."

कार्ड माझ्या हातात होतं. मी ते पाठीमागे धरलं.

"किती मरळ आनू?" त्याने विचारलं.

म्हटलं, "सांगीन."

दादाला गुरुवारपर्यंत सांगायचं आहे, किती मरळ ते, आणि कार्डाचंही. शर्ट दोरीवर वाळत असेल.